जुन्या लाउडस्पीकरची पारख

जुने लाउडस्पीकर विकत घेणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात आणि ते बहुधा एकच प्रश्न असल्याप्रमाणे विचारले जातात. पहिला प्रश्न अस्सलपणाचा असतो : समोरच्या पेटीवरील पट्टीत जे नाव, जे मॉडेल आणि जो काळ सांगितला आहे, त्यांचीच ही वस्तू आहे का? दुसरा अवस्थेचा असतो : बनवल्यानंतर चाळीस, पन्नास किंवा साठ वर्षांनी ती आपले मूळ काम करते का? या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परांवर अवलंबून नसतात. एकही स्क्रू न हललेला, सर्वार्थाने मूळ स्वरूपातील स्पीकर आतून पूर्ण निकामी झालेला असू शकतो आणि जाणत्या हाताने दुरुस्त केलेला, दोन-चार भाग बदललेला स्पीकर मूळ आवाजाच्या अधिक जवळ असू शकतो. जुनी नाणी किंवा चित्रे पारखताना हात न लागलेली वस्तू श्रेष्ठ मानण्याची रीत आहे. तीच रीत स्पीकरला लावली की फसगत होते, कारण स्पीकर हे चालते यंत्र असून त्याचे अत्यंत महत्त्वाचे भाग कागद, कापड, रबर, फोम आणि डिंकासारखे चिकट पदार्थ अशा सुकणाऱ्या व झिजणाऱ्या द्रव्यांचे बनलेले असतात.

शिवाय स्टिरिओ ध्वनिमुद्रण रूढ झाल्यापासून स्पीकर एकटा विकला जात नाही, जोडीने विकला जातो. दोन स्पीकरच्या मधोमध, जिथे प्रत्यक्षात काहीच नसते, तिथे गायकाचा आवाज ऐकू येतो तो दोन्ही पेट्यांतून अगदी सारखा ध्वनी निघतो म्हणून. त्यामुळे वरील दोन प्रश्नांपेक्षा निर्णायक असा तिसरा प्रश्न उभा राहतो : या दोन पेट्या आजही एकमेकींशी जुळतात का? कागदपत्रे, पट्ट्या आणि क्रमांक यांची छाननी केल्यानंतरही जो संशय उरतो, तो बहुधा या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने मिटतो किंवा पक्का होतो.

पारख समजण्यासाठी स्पीकरची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पेटीत बसवलेल्या प्रत्येक ध्वनिनिर्मात्या एककाला ड्रायव्हर म्हणतात. त्याच्या मागे चुंबक असतो आणि चुंबकातील अरुंद वर्तुळाकार फटीत तारेचे बारीक वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, अधांतरी तरंगत असते. अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा विद्युतप्रवाह या वेटोळ्यातून गेला की ते पुढेमागे हलते आणि त्याला चिकटवलेला कोन हवा ढकलतो. कोन नेमका मधोमध राहावा म्हणून त्याला दोन ठिकाणी आधार असतो : मागे नागमोडी कापडाची चकती, जिला स्पायडर म्हणतात, आणि पुढे परिघावर लवचीक कड, जिला सराउंड म्हणतात. खालच्या स्वरांसाठीचा मोठा ड्रायव्हर म्हणजे वूफर आणि वरच्या स्वरांसाठीचा छोटा म्हणजे ट्वीटर. येणारा संदेश या दोघांत वाटून देणाऱ्या कॉइल, कपॅसिटर व रोधक यांच्या जाळ्याला क्रॉसओव्हर म्हणतात. फसवणूक असो वा झीज, तिचा माग याच मोजक्या भागांत काढावा लागतो.

अस्सलपणाचा प्रश्न किती गुंतागुंतीचा असतो हे पाहण्यासाठी ब्रिटनमधील एलएस३/५ए या छोट्या स्पीकरइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. त्याचा उगम बीबीसीच्या सरे परगण्यातील किंग्जवुड वॉरन येथील संशोधन विभागात झाला. स्टुडिओंची ध्वनिरचना बांधकामापूर्वीच तपासता यावी म्हणून तेथील अभियंते एक-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृती बनवून त्यांत प्रयोग करत असत आणि त्या प्रयोगांसाठी केलेल्या छोट्या स्पीकरमधूनच बाह्यप्रसारणाच्या गाड्यांत मावेल असा ध्वनिपरीक्षक स्पीकर विकसित झाला. नावातील ३ हा आकडा बाह्यप्रसारणाचा निदर्शक आहे. पहिल्या थोड्या नगांनंतर केईएफ या कंपनीने आपल्या ड्रायव्हरांत बदल केल्यामुळे सगळी रचना नव्याने जुळवावी लागली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘ए’ हे अक्षर जोडलेली आवृत्ती तयार झाली. एच. डी. हारवुड, एम. ई. व्हॉटन आणि आर. डब्ल्यू. मिल्स यांनी तिचे विवेचन बीबीसीच्या १९७६ च्या संशोधन अहवालात केले आहे.

बीबीसीने हा स्पीकर स्वतः बाजारात आणला नाही. त्याचे तांत्रिक विनिर्देश परवान्याने इतरांना दिले. त्यामुळे रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, स्पेंडर, गुडमन्स, हार्बेथ आणि केईएफ अशा अनेक कंपन्यांच्या नावांनी तो विकला गेला आणि ती सगळीच नावे अस्सल आहेत. येथे अस्सलपणा कंपनीच्या नावात नसून विनिर्देशात आहे, ही बाब समजून घेणे फार महत्त्वाचे ठरते. प्रत्येक नगाचा प्रतिसाद ठरावीक मर्यादेत बसला पाहिजे, अशी अट होती, कारण एका गाडीत बसून आवाज पारखणाऱ्या अभियंत्याचा निर्णय दुसऱ्या गाडीतील अभियंत्याला ग्राह्य वाटायला हवा होता. ड्रायव्हर कारखान्यात कितीही काळजीने बनवले तरी त्यांच्यात थोडाफार फरक राहतोच. तो भरून काढण्यासाठी मूळ क्रॉसओव्हरमध्ये, ज्याचा क्रमांक एफएल६/२३ असा होता, अनेक जोडबिंदू असलेला ऑटोट्रान्सफॉर्मर ठेवला होता आणि प्रत्येक ट्वीटरच्या संवेदनशीलतेनुसार योग्य बिंदू निवडून त्याची पातळी जुळवली जात असे. जुना ट्वीटर काढून त्याच जातीचा दुसरा बसवला आणि हा बिंदू पुन्हा निवडला नाही, तर सगळे भाग अस्सल असूनही तो स्पीकर विनिर्देशाबाहेर जाऊ शकतो. संग्राहकांच्या व्यवहारात या गोष्टीला मिळते त्यापेक्षा पुष्कळ अधिक महत्त्व मिळायला हवे.

या स्पीकरचे दोन मुख्य अवतार आहेत. सुरुवातीच्या आवृत्तीचा इम्पिडन्स, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, १५ ओहम धरला जातो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केईएफने बी११० या वूफरची सुधारित आवृत्ती काढली, त्यासाठी क्रॉसओव्हर नव्याने आखला गेला आणि इम्पिडन्स ११ ओहम झाला. मूळ वूफरवर एसपी१००३ हा क्रमांक असतो, तर सुधारितावर एसपी१२२८. टी२७ या मूळ ट्वीटरचा क्रमांक एसपी१०३२ आहे. बाजारात १५ ओहमच्या जोडीला अधिक मागणी असल्यामुळे पाठीमागची पट्टी हा दुबळा पुरावा ठरतो आणि आतील ड्रायव्हरांवरचे क्रमांक व क्रॉसओव्हरची रचना यांना अधिक वजन द्यावे लागते. दोन वेगळ्या वायरजोड्या लावण्याची सोय असलेली चार टर्मिनल पाठीमागे दिसत असतील आणि विक्रेता पेटी १५ ओहमची असल्याचे सांगत असेल, तर आतील काम बदलल्याची शंका घेणे रास्त ठरते.

हेच तपासणीचे सूत्र इतर भागांनाही लागू होते. बी११० चा कोन बेक्स्ट्रीन नावाच्या प्लास्टिकचा, वरून कंपनशोषक लेप दिलेला असतो आणि त्याची कड कृत्रिम रबराची किंवा पीव्हीसीची असते. तेव्हा ‘नवा फोम लावून दिला आहे’ असे या स्पीकरबद्दल कोणी अभिमानाने सांगत असेल, तर आत मूळ वूफर नाही, असाच त्याचा अर्थ निघतो. मूळ पेटी बर्च प्लायवुडची असते, आतील भिंतींवर बिट्युमेनचे पत्रे आणि फोम लावलेले असतात, पुढचा फळा स्क्रूंनी बसवलेला असतो आणि वूफर त्या फळ्याच्या मागच्या बाजूने जोडलेला असतो. ट्वीटरभोवती जाड फेल्टच्या पट्ट्या असतात. पुढच्या फळ्यावरून परावर्तित होऊन येणारा ध्वनी त्या शोषून घेतात. हे फेल्ट जाळी काढता-घालताना फाटते, कधी निघून जाते, कधी त्याऐवजी साधा फोम चिकटवलेला सापडतो. दिसायला ही किरकोळ बाब आहे, पण मापनात तिचा फरक स्पष्ट दिसतो आणि जाणत्या कानाला ऐकूही येतो. ट्वीटरवरील छिद्रांची धातूची टोपी आणि पुढचे कापडदेखील विनिर्देशाचाच भाग आहेत, त्यामुळे जाळी काढून ऐकलेला एलएस३/५ए हा खरा एलएस३/५ए नव्हे.

केईएफचे हेच ड्रायव्हर हौशी लोकांना व इतर कंपन्यांनाही मोठ्या प्रमाणावर विकले जात होते. परिणामी ड्रायव्हर खरा, पेटीही खरी, पण दोघांचा जन्मतः संबंध नाही, अशी मिश्र जुळणी सहज घडवता येते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस केईएफने हे ड्रायव्हर बनवणे थांबवल्यावर मूळ उत्पादन खुंटले. पुढे स्टर्लिंग ब्रॉडकास्टने नव्या ड्रायव्हरांवर आधारलेली आवृत्ती काढली. केईएफमध्ये असताना हे दोन्ही ड्रायव्हर आखणारे माल्कम जोन्स यांनी स्थापन केलेल्या फाल्कन अकूस्टिक्सने त्या ड्रायव्हरांच्या पुनर्निर्मित प्रती तयार करून बीबीसीच्या परवान्याने १५ ओहमचा स्पीकर पुन्हा बाजारात आणला. म्हणजे आज परवानाधारक नवा नग, विनापरवाना केलेली नक्कल आणि जुन्या पेटीत नवे ड्रायव्हर घातलेला नग असे तीन वेगळे प्रकार शेजारी शेजारी विकले जातात. तिसऱ्या प्रकाराला बनावट म्हणणे अन्यायाचे आहे. तो बदल लपवून जुन्या मूळ जोडीचा भाव मागणे मात्र निःसंशय बनवाबनवी आहे.

अमेरिकी स्पीकरच्या बाबतीत काळ ठरवण्याचे एक उपयुक्त साधन ड्रायव्हरच्या सांगाड्यावर छापलेल्या आकड्यांत असते. तेथील उद्योगसंघटनेच्या पद्धतीनुसार पहिले तीन आकडे निर्मात्याचे असतात, उदाहरणार्थ २२० म्हणजे जेन्सन आणि १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे एक किंवा दोन आकडे वर्षाचे आणि अखेरचे दोन आठवड्याचे असतात. २२०६३२ असा शिक्का असेल तर तो जेन्सनने ६ या अंकाने संपणाऱ्या वर्षाच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनवलेला ड्रायव्हर होय. ते वर्ष १९५६ आहे की १९६६, हे चुंबकाचा प्रकार, लेबलची धाटणी आणि कोनाचा कागद यांवरून ठरवावे लागते. एका जोडीतील चार ड्रायव्हरांपैकी तिघांच्या तारखा काही आठवड्यांच्या अंतराने असतील आणि चौथ्याची चार वर्षांनंतरची असेल, तर तो कधीतरी बदलला गेला हे उघड आहे, मग पट्टी काहीही सांगो.

आता अवस्थेकडे वळता येईल, आणि तिथे सर्वांत मोठा शत्रू फोमची कड हाच आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक निर्मात्यांनी कडेसाठी पॉलियुरेथेन फोम वापरायला सुरुवात केली, कारण तो हलका, लवचीक आणि स्वस्त होता. हवेतील बाष्प या फोमच्या रेणुसाखळ्या हळूहळू तोडत जाते. या क्रियेला जलीय विच्छेदन म्हणतात आणि उष्णतेने तिचा वेग वाढतो. साधारण पंधरा ते वीस वर्षांत फोम आधी चिकट किंवा ठिसूळ होतो आणि मग बोट लावताच भुगा होऊन पडतो. मुंबईसारख्या किनारपट्टीच्या दमट शहरात किंवा कोकणात ठेवलेला स्पीकर आणि कोरड्या, थंड हवेत राहिलेला त्याच वर्षाचा स्पीकर यांत त्यामुळे मोठे अंतर पडते. वापर न होणे हेही संरक्षण ठरत नाही. खोक्यात जपून ठेवलेल्या, कधीच न वाजवलेल्या स्पीकरचा फोमही तितक्याच निष्ठुरपणे विरघळतो, म्हणूनच ‘वापरलेलाच नाही’ या आश्वासनाला येथे फारसे मोल नाही.

मात्र प्रत्येक जुन्या स्पीकरची कड फोमची नसते, आणि कोणत्या मॉडेलला कोणती कड होती याचे ज्ञान अस्सलपणा व अवस्था या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी उत्तर देते. जेबीएलच्या १९७० मध्ये आलेल्या एल१०० सेंच्युरी या विख्यात स्पीकरच्या वूफरची कड लेप दिलेल्या घडीदार कापडाची असल्यामुळे ती आजही शाबूत सापडते. त्याच स्पीकरची चौकटीचौकटींची फोमची पुढची जाळी मात्र झडून जाते, आणि बाजारात दिसणाऱ्या बहुतेक चांगल्या जाळ्या नंतर बनवलेल्या असतात. टॅनॉयच्या मॉनिटर रेड व मॉनिटर गोल्ड या ड्रायव्हरांच्या कडा घट्ट नागमोडी असून टिकतात, तर त्यांच्यानंतर १९७४ मध्ये आलेल्या एचपीडी मालिकेत फोमची कड असल्याने ती बदलावीच लागते. यामाहाच्या १९७४ च्या एनएस-१००० एम मध्ये बेरिलियमचे घुमट आहेत. ते कुजत नाहीत, पण एकदा चेपले किंवा तडकले की तसाच मूळ घुमट मिळवणे अतिशय अवघड असते. लेप दिलेल्या कापडी कडेलाही वय असते : लेप सुकला की कापडातून हवा झिरपते आणि बंद पेटीतील वूफरचा खर्ज पातळ होतो. रबराची कड दिसायला अखंड राहूनही ताठर होऊ शकते, आणि मग कोनाची स्वाभाविक कंपनवारंवारता वर सरकते.

फोम बदलण्याचे काम चांगले झाले आहे की नाही हे पाहणे ही पारखीतील कसोटीची जागा आहे. नवी कड मूळ मापाची, मूळ जाडीची आणि त्याच घडणीची असावी लागते. चिकटवताना कोन केंद्रातून जराही हलला, तर व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत घासते. कोनाच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर बोटे ठेवून तो अलगद मागे दाबला आणि पेटीला कान लावला, तर खरखर ऐकू येते का हे कळते. ट्वीटरच्या घुमटावर हा प्रयोग कदापि करू नये. कोनावर डिंकाचे ओघळ किंवा आधीच्या कडेचे न खरवडलेले तुकडे दिसणे हा ढिसाळ कामाचा पुरावा आहे, पण मधली टोपी, जिला डस्ट कॅप म्हणतात, ती कापून पुन्हा चिकटवल्याची खूण दिसणे हा दोष मानू नये. कॉइल केंद्रात बसवण्यासाठी टोपी उघडणे ही मान्य पद्धत आहे. टोपीचा आकार व द्रव्य बदललेले असेल तर मात्र वरच्या स्वरांचा रंग बदलतो.

भारतात सापडणाऱ्या जुन्या परदेशी स्पीकरच्या बाबतीत या दुरुस्तीला एक वेगळा इतिहास आहे. १९९१ पूर्वीच्या काळात आयातीवर कडक निर्बंध व भारी जकात असल्यामुळे मूळ सुटे भाग मिळवणे सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेरचे होते. परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकांबरोबर किंवा जहाजावरील कामगारांच्या सामानातून आलेले स्पीकर बिघडले की ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणच्या कारागिरांकडे जात. हे कारागीर लग्नमंडपातील आणि सार्वजनिक उत्सवांतील स्पीकर नव्याने भरण्यात निष्णात होते आणि मिळेल तो कागदी कोन व हाताने गुंडाळलेली कॉइल घालून तुटलेला ड्रायव्हर पुन्हा बोलता करत. त्यांच्या कौशल्याबद्दल आदर बाळगूनही हे लक्षात घ्यावे लागते की, असा ड्रायव्हर आवाज करतो, पण तो मूळ ड्रायव्हर राहत नाही. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी दाखवून दिल्याप्रमाणे वूफरचे हलणारे वजन, त्याच्या आधारांची लवचीकता आणि चुंबकाचे बळ या गुणांवरून पेटीचे आकारमान ठरते. कोन जड झाला किंवा कड घट्ट झाली की वूफर आणि पेटी यांचा हिशेब चुकतो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादी नामांकित जोडी समोर आली, तर पेटीपेक्षा कोनाकडे आधी पाहण्याचे कारण हेच आहे : कोनाच्या मागच्या बाजूची कागदाची जात, शिवणीची जागा आणि तारांची मांडणी दोन्ही ड्रायव्हरांत तंतोतंत सारखी असायला हवी.

क्रॉसओव्हरमधील झीज डोळ्यांना दिसत नाही. त्यातील इलेक्ट्रोलिटिक प्रकारचे कपॅसिटर कालांतराने सुकतात, त्यांची धारिता बदलते आणि अंतर्गत रोध वाढतो. प्लास्टिकच्या पातळ पडद्याचे कपॅसिटर मात्र दीर्घकाळ स्थिर राहतात. सुकलेले कपॅसिटर त्याच धारितेच्या नव्या कपॅसिटरांनी बदलणे ही देखभाल आहे. त्याऐवजी महागडे, प्रतिष्ठेच्या नावाचे आणि वेगळ्या अंतर्गत रोधाचे भाग घालून ‘सुधारणा’ करणे हा नवा आराखडा आहे, आणि त्यामुळे किंमत वाढते हा विक्रेत्यांचा दावा मान्य करण्यास आधार नाही. बदल केले असतील तर काढलेले जुने भाग सोबत आहेत का, हे विचारावे. अमेरिकेतील अकूस्टिक रिसर्च या कंपनीच्या एआर-३ए सारख्या स्पीकरमध्ये मध्यम व वरच्या स्वरांची पातळी ठरवणारी फिरती बटणे असतात. त्यांच्या आतील धातूचे संपर्क गंजतात आणि ट्वीटर मुका होतो. असा स्पीकर ‘ट्वीटर जळालेला’ म्हणून पडत्या भावाने विकला जातो, वस्तुतः ट्वीटर ठणठणीत असतो. बटण हळूहळू फिरवताना आवाज मधूनच उमटला, तर खरे दुखणे कुठे आहे ते कळते.

चुंबकाबद्दल फार गैरसमज आहेत. जुन्या चुंबकांसाठी अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा अल्निको हा मिश्रधातू वापरला जाई. झाईरच्या (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या) शाबा प्रांतातील संघर्षामुळे १९७८ मध्ये कोबाल्टचा पुरवठा विस्कळीत होऊन भाव भडकले आणि निर्मात्यांनी फेराइट या मृत्तिकासदृश चुंबकांकडे मोर्चा वळवला. म्हणून एकाच मॉडेलच्या आधीच्या नगांत अल्निको आणि नंतरच्यांत फेराइट आढळू शकते आणि दोन्ही अस्सल असतात. जोडीतील एकात अल्निको आणि दुसऱ्यात फेराइट असणे मात्र मान्य करता येत नाही. अल्निको चुंबक जोराच्या आघाताने किंवा अतिप्रवाहाने अंशतः दुबळा होतो, तेव्हा तो ड्रायव्हर आपल्या जोडीदारापेक्षा हळू बोलतो. तज्ज्ञांकडून त्याचे पुनर्चुंबकन करून घेता येते. फेराइटची चकती बहुधा चिकटवलेली असल्याने पेटी पडली की ती सरकते, फट बंद होते आणि कोन जागीच जखडला जातो. दूरच्या गावाहून मालवाहतुकीने मागवलेल्या जोडीत हा धोका नेहमी लक्षात ठेवावा.

पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ मध्ये आणलेला विद्युतस्थितिक स्पीकर या सगळ्याहून वेगळा आहे. त्यात कोन व चुंबक नाहीत. दोन सच्छिद्र पट्ट्यांच्या मध्ये ताणलेला अतिशय पातळ पडदा हजारो व्होल्टच्या भाराने काम करतो. धूळ आणि दमट हवा यांमुळे तो भार गळतो, कधी पट्टीत ठिणग्या पडतात आणि पडद्यावर जळाल्याच्या खुणा राहतात. असा स्पीकर निदान तासभर चालू ठेवल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नये आणि विजेच्या जोडणीसह आतील भागाला अननुभवी माणसाने हात लावू नये.

पेटीबाबत सर्वत्र एकच निकष लावता येत नाही. टॅनॉय आपले ड्युअल कॉन्सेंट्रिक ड्रायव्हर, ज्यांत ट्वीटर वूफरच्या केंद्रस्थानी बसवलेला असतो, सुटेही विकत असे, आणि अनेक देशांत सुतारांनी त्यांच्यासाठी पेट्या बांधल्या. त्यामुळे मॉनिटर रेडची जोडी स्थानिक सागवानी पेटीत सापडली तर तिला बनावट ठरवण्याचे कारण नाही. पेटीचे आकारमान ड्रायव्हरला पुरेसे आहे का, एवढेच पाहावे. या मालिकेत क्रॉसओव्हरही ड्रायव्हरच्या पिढीशी जुळायला हवा, कारण रेडचा इम्पिडन्स १५ ओहम आणि गोल्डचा ८ ओहम असून त्यांची अदलाबदल झालेली आढळते. ज्या स्पीकरची पेटी कारखान्यातीलच असते, तिथे दोन्ही पेट्यांवरील लाकडाच्या पातळ थराची, म्हणजे व्हिनियरची, रेषारचना एकमेकींशी मेळ खाते का हे बघावे. चिपबोर्डाच्या पेटीचा तळ ओल लागून फुगलेला असेल तर सांधे उघडून हवा गळते, आणि वाळवीची शंका असेल तर पेटी उलटी करून खालचा भाग ठोकून पाहावा लागतो.

इतके झाल्यावर तिसरा प्रश्न, जोडीचा, साध्या साधनांनी सोडवता येतो. प्रत्येक ड्रायव्हर वायर सोडवून मल्टिमीटरने मोजला तर ८ ओहमच्या ड्रायव्हरचा एकदिश प्रवाहाचा रोध साधारणतः सहा-सात ओहम भरतो. येथे आकड्यापेक्षा दोन्ही बाजूंचे आकडे समान असणे महत्त्वाचे आहे. दीड व्होल्टची बॅटरी क्षणभर लावल्यावर दोन्ही वूफर एकाच दिशेने हलले पाहिजेत. जुने जेबीएल ड्रायव्हर इतरांच्या उलट, म्हणजे लाल टर्मिनलला धन टोक लावले असता आत जाणारे असतात. तो बिघाड नव्हे आणि बनावटीचा पुरावाही नव्हे. मग दोन्ही पेट्या एकमेकींना चिकटवून समोरासमोर ठेवाव्यात आणि दोन्हींना एकच, मोनो संदेश द्यावा. एकीच्या वायरी उलट्या केल्या की एकीने ढकललेली हवा दुसरी ओढते आणि आवाज झपाट्याने क्षीण होतो. जोडी जितकी जुळलेली तितका आवाज अधिक पुसला जातो, आणि जो स्वरपट्टा उरतो तिथेच दोन पेट्यांतील तफावत असते : खर्ज उरला तर कड, कोन किंवा हवागळती यांकडे, वरचे स्वर उरले तर ट्वीटर आणि क्रॉसओव्हर यांकडे बोट दाखवले जाते. त्यानंतर पेट्या नेहमीच्या जागी ठेवून निवेदकाचा साधा बोलण्याचा आवाज मोनो स्वरूपात ऐकावा. तो दोन पेट्यांच्या नेमक्या मध्यभागी, एका ठिकाणी स्थिर राहायला हवा. काही अक्षरांवर तो डावीकडे आणि काहींवर उजवीकडे झुकत असेल तर ती जोडी विशिष्ट वारंवारतांवर असमान आहे. मानवी बोलणे हे प्रत्येकाच्या कानाला पूर्ण परिचित असते, म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनीही स्पीकर पारखताना त्यावर मोठा भर दिला होता.

या चाचण्यांत एक बाजू कमी पडली म्हणून व्यवहार मोडलाच पाहिजे असे नाही, पण पेटी उघडून पाहू देण्यास विक्रेता तयार नसेल तर ती जोडी दुरुस्तीस आलेली आहे असे गृहीत धरूनच भाव ठरवावा. एका बाजूचा ड्रायव्हर बदलावा लागला तर शक्यतो दोन्ही बाजूंचे एकाच उत्पादनातील नग बसवावेत, एलएस३/५ए सारख्या रचनेत पातळी पुन्हा मोजून जुळवावी, आणि काढलेला मूळ भाग, तो मृत असला तरी, कोणत्या पेटीतून आणि कधी काढला याची चिठ्ठी बांधून जोडीबरोबर ठेवावा.